गद्रे मास्तरांची हळद

चौथा कलश डोक्यावर रिकामा झाला तेव्हा हासुराम मान खाली घालूनच म्हणाला, "काकी, अजून किती?"

मला उत्तर देता येत नव्हतं, कारण मी गात होते.

हासुराम म्हणजे त्या लग्नातला नवरदेव. माघ महिना, सकाळची वेळ, खाडीवरून गार वारा येत होता, आणि तो हळदीनं पिवळा झालेला, पंचा नेसून अंगणात पाटावर बसला होता. त्याच्याभोवती पाच सुवासिनी पाच कलश घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या चौघींचे कलश रिकामे झाले होते आणि दोन पोरी विहिरीकडे पळाल्या होत्या.

आमच्याकडे, आगरी लग्नात, भटजींच्या आधी धवलारीण लागते. ती लग्नाची गाणी म्हणते, त्यांना धवले म्हणतात. पण ही गाणी ऐकत बसायची नसतात. धवलारणीनं 'हळद दळा' म्हटलं की जातं फिरतं, 'तेल आणा' म्हटलं की करवली तेलाची वाटी घेऊन येते, आणि ती गप्प बसली की सगळे हात जिथल्या तिथं थांबतात. मध्ये कुणी बोलत नाही. धवलारीण चुकली असंही कुणी म्हणत नाही, कारण बरोबर काय ते तिलाच ठाऊक असतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच धवलारणीच्या पाटावर बसले होते. 'घाला गो बायांनो पाणी, नवरा न्हातो अंगणी' ही ओळ मी चौथ्यांदा म्हटली होती. एका ओळीला एक कलश, हा नेम. मी ओळ प्रत्येक वेळी वेगळ्या चालीनं म्हणत होते, पण पाणी ओतणाऱ्या बाईला चालीशी काय करायचं होतं? तिनं 'पाणी' ऐकलं आणि ओतलं.

आणि अजून एक चाल बाकी होती.

हे असं का झालं, ते सांगायचं तर जोमीबायपासून सांगावं लागेल.

जोमीबाय खाडीकाठच्या आमच्या सात गावांची धवलारीण. बोळकं तोंड, वाकलेली पाठ, आणि आवाज असा की ती गायला लागली की लग्नघरातली कुत्री उठून बसायची. मी तेव्हा तिशीची. मी आणि माझा नवरा पोशा, दोघंही मिठागरावर कामाला. मिठाच्या पाण्यात उभं राहून राहून माझे तळपाय असे फाटले होते की घरात चालले तरी सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठिपके पडायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आणखी पाच-सहा हंगाम उभी राहिलीस तर उजवा पाय कामातून जाईल. तेव्हा मिठागर सोडायचं, आणि दुसरं काही काम हातात नाही.

धवलारीण पाटावर बसते. कोरड्या, सारवलेल्या जागेत. तिला लुगडं मिळतं, नारळ-तांदूळ मिळतात, मानानं घरी आणून सोडतात. मला गाणं आवडायचं हे खरं, पण त्याहून पाट जास्त आवडायचा.

जोमीबायला मूलबाळ नव्हतं. तिच्यामागून एक तर तिची भाची सोनी त्या पाटावर बसणार होती, नाही तर मी. म्हणून मी तीन वर्षं म्हातारीच्या मागं मागं फिरले. तिचा पाट डोक्यावर घेऊन लग्नघरी जायचं, तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा, ती गात असताना तिच्या शेजारी बसायचं. तीन वर्षांत तिनं मला एक ओळ शिकवली नाही.

"जोमीबाय, मला शिकवणार कधी?" मी एकदा विचारलं.

"काय शिकवू?"

"गाणं."

"ते तर तुझ्या कानावर रोजच पडतंय."

"मग घरी म्हणून बघू का?"

म्हातारीनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "लगीन नसताना धवला म्हणायचा नसतो."

"का?"

"नसतो म्हंजे नसतो. तू आपली हातांकडं बघ."

मी हातांकडं बघत बसायचे. कुणाच्या हातात नव्या बांगड्या आहेत, कुणाची अंगठी दिसत नाही, एवढं मला चांगलं समजायला लागलं.

पोशाला माझी दया आली. गावच्या नाटकात तो दर वर्षी प्रधानाचं काम करायचा, त्यामुळे कलेतलं आपल्याला कळतं असा त्याचा समज. तो म्हणाला, "म्हातारी तुला फुकटची हमाल म्हणून वापरते. शिकायचं तर ज्याचा शिकवायचा धंदा आहे त्याच्याकडं जाऊन शीक." दर गुरुवारी आम्ही पेणच्या बाजाराला जायचो. तिथं एका माडीवर गाण्याचा वर्ग होता. दारावर पाटी होती. ती मला वाचता येत नव्हती, पण आतली पेटी ऐकू येत होती. मी जिना चढले.

गद्रे मास्तर पंचेचाळिशीचे, सडपातळ, एकटे राहणारे. गुडघा दुखायचा म्हणून सतरंजीवर न बसता पाटावर बसायचे.

"कोणती परीक्षा द्यायची आहे?" त्यांनी विचारलं.

"परीक्षा नाही. मला लग्नात गायचं आहे."

"मंगलाष्टकं?"

"धवले."

मास्तरांनी हा शब्द ऐकला नव्हता. म्हणाले, "म्हणून दाखवा बघू." तोंडावर ठेवलेला म्हातारीचा हात मला आठवला. पण म्हातारी तिकडं गावात होती आणि मास्तर इथं समोर होते. मी हळदीचा धवला म्हटला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बामीबाई, आवाज देवानं दिलाय. तो तुम्ही गळ्यातून ढकलताय. बेंबीपासून काढा."

माणूस मनापासून शिकवायचा. दम कसा धरायचा, सूर कसा लावायचा, हे सगळं त्यांनी मला दिलं. फी म्हणून मी दर गुरुवारी मिठाची एक पिशवी न्यायचे. ते नको म्हणायचे आणि ठेवून घ्यायचे. हळदीचा धवला त्यांना इतका आवडला की त्यांनी तोच बसवायला घेतला.

"ओळ एकदा म्हणून टाकून द्यायची नसते," ते म्हणायचे. "पाच तऱ्हांनी फिरवून दाखवायची. ऐकणाऱ्याला तिच्यात काय काय आहे ते कळायला हवं. आणि एकदा सुरू केलं की पुरं फिरवल्याशिवाय सोडायचं नाही."

आठ महिने, दर गुरुवारी, ते पाटावर आणि मी समोर. मी हळद दळली, मी तेल चढवलं, मी पाणी घातलं, सगळं गाण्यात.

जोमीबायला मी यातलं काही सांगितलं नाही. हासुरामच्या हळदीच्या आधी तिला खोकल्यानं धरलं आणि ती मला म्हणाली, "बामे, उद्या तू म्हण. मी बाजूला बसते. कशी म्हणतंस ते बघू, मग सोनीचं काय करायचं ते ठरवते."

तर असा तो पाट माझ्या वाट्याला आला आणि असा हासुराम भिजत होता.

पाण्याच्या आधीही गोंधळ झालाच होता. जातं फिरवायच्या ओळीच्या आधी मी आलाप घेतला. आलापात शब्द नसतात. जात्यावर बसलेल्या दोघी खुंटा धरून तशाच थांबल्या. तेलाची वाटी घेतलेली करवली नवऱ्याच्या डोक्यावर वाकून उभी राहिली आणि माझा आलाप संपेपर्यंत तिच्या वाटीतून तेलाची धार तिच्याच कोपरावरून खाली गेली. मला वाटलं, सगळे गाण्यात रंगलेत. मी आणखी वर गेले.

पाचव्या वेळी मी ओळ खालच्या सुरात, अगदी हळुवार म्हटली. मास्तरांची ही सगळ्यात आवडती तऱ्हा होती. पाचवा कलश ओतला गेला. तोवर पोरी विहिरीवरून परतल्या होत्या आणि पहिल्या सुवासिनीचा कलश पुन्हा भरला होता. हासुरामचे दात वाजायला लागले होते. त्याची आई माझ्या मागं बसली होती, ती कुणाला तरी म्हणाली, "पोराला हळद लावलीय का रंग, एवढं धुवायला?"

आता ओळ समेवर आणून सोडायची म्हणून मी ती सहाव्यांदा म्हटली. सहावा कलश पडला.

तेवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यातून गंजलेल्या कडीसारखा आवाज आला. "नवरा न्हाला गो न्हाला, पुसा गो त्याला." एकच ओळ, सरळ, सपाट. चार टॉवेल एकदम हासुरामवर पडले.

पुढची सगळी हळद जोमीबायनं खोकत खोकत म्हटली. मी पाटावरून उठून तिच्या शेजारी बसले, आणि दुसरीकडं बघायची लाज वाटत होती म्हणून तिच्याच तोंडाकडं बघत राहिले. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, लोकांकडं बघत नव्हती. ओवाळायला ठकीआजी उठली. तिचे गुडघे गेलेले. ती भिंतीला धरून उठेपर्यंत, दोन पावलं टाकून नवऱ्यापर्यंत पोचेपर्यंत जोमीबायनं 'ओवाळा'च्या आधीचा शब्द ओढून धरला. आजीचं तबक वर गेलं आणि मगच शब्द आला. पाठोपाठ हासुरामची तरणी मामी आली, तर तीच ओळ निम्म्या वेळात संपली.

लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हासुराम एकवीस वेळा शिंकला. दर शिंकेला लोक माझ्याकडं बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोमीबायनं बोलावलं. ती पडवीत वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकत बसली होती. शेजारी सोनी होती. जोमीबायनं तिला पाणी आणायला पाठवलं.

"बस," ती म्हणाली. "कुठनं आणलंस ते?"

मी सगळं सांगितलं. पेण, माडी, मास्तर, मीठ. ती रागावली नाही. म्हणाली, "दम बाकी चांगला धरतंस. मी मोजत होते. जात्यावरच्या पोरीनं दोनदा हात बदलला तरी तुझा श्वास संपंना." मला जरा धीर आला. मग तिनं विचारलं, "म्हंजे त्या मास्तरासमोर तू धवला म्हटलास?"

"हो."

"लगीन नसताना?"

"हो."

"किती येळा?"

"दर गुरुवारी. आठ महिने."

जोमीबायच्या हातातली काठी खाली आली. कावळा बोंबील घेऊन गेला, तिचं लक्ष नव्हतं. "मास्तर बसला होता कुठं?"

"पाटावर."

"आन् तू समोर?"

"हो."

"पाटावर बसलेल्या मानसाला हळद लावलीस," ती सावकाश म्हणाली. "बरं. शेवटपर्यंत म्हटलास ना? हळद उतरवलीस?"

"ती ओळ मास्तर गाळायचे. म्हणायचे, ही सपाट आहे, हिच्यात फिरवण्यासारखं काही नाही."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आठ महिने तो मानूस हळद लावून बसलाय. त्याचं लगीन झालंय का?"

"नाही. एकटेच आहेत."

"कसं होईल? हळद लावून उतरवली नाय, तो ना इकडचा ना तिकडचा." ती उठून उभी राहिली. "म्हणून सांगत होते, रिकामा धवला म्हणू नको. ऐक बामे. त्या मानसाची हळद उतरंस्तोवर तू माझ्या पाटाला शिवायचं नाय. तवर सोनी बसंल. आन् येत्या गुरुवारी मना पेणला ने."

सोनी दारात तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला तांब्याऐवजी पाणी पेल्यात ओतून दिलं, पाव्हण्याला देतात तसं.

गुरुवारी मी जोमीबायला होडीतून आणि मग एसटीतून पेणला नेलं. माडीचा जिना ती चार वेळा बसत चढली. मास्तर पाटावर होते, पेटी पुढ्यात. मी ओळख करून दिली आणि हासुरामची गोष्ट सांगितली. मास्तर हसता हसता पेटीवर वाकले, मग चष्मा काढून डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाले.

"चूक माझी आहे, बामीबाई," ते म्हणाले. "मी तुम्हाला समोर बसलेल्यांना ऐकवायला शिकवलं. तुमच्याकडं समोर कुणी बसतच नाही, सगळी कामात. मला विचारायला सुचलं नाही, तुम्हाला सांगायला सुचलं नाही. हे मला शिकवता यायचं नाही. ते ह्यांच्याकडेच."

"ते होईल मागनं," जोमीबाय म्हणाली. तिची नजर माडीवर फिरत होती. कोपऱ्यात माझ्या मिठाच्या पिशव्या एकीवर एक रचून ठेवलेल्या होत्या. "एकट्या मानसाला एवढं मीठ?"

"नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं."

"लगीन का नाय केलंत?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी जिन्याकडं बघितलं. "राहून गेलं," ते म्हणाले.

"हिनं तुमाला हळद लावून ठेवलीय. आता ऱ्हाता यायचं नाय."

मास्तर पुन्हा हसणार होते, पण म्हातारी हसत नव्हती. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि कुमुदताई लेले आल्या. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि दर गुरुवारी माझ्यानंतर त्यांची वेळ असायची. पुढं कित्येक वर्षांनी, मी साठीला आले तेव्हा, ह्याच बाईंनी मला अक्षरं शिकवली. त्या दिवशी मात्र मला त्या नुसत्या माझी वेळ संपली हे कळवणाऱ्या बाई वाटायच्या.

त्यांनी आम्हाला नमस्कार केला, खिडकीची एक फळी लोटून घेतली, कोनाड्यातल्या स्टोव्हवर चहा केला आणि कप आणून मास्तरांच्या डाव्या हाताला ठेवला. मग सतरंजीवर जाऊन बसल्या. मास्तरांनी कप उचलून पहिला घोट घेतला, तोवर त्यांचं लक्षही नव्हतं.

जोमीबायनं मला कोपरानं ढोसलं. मला काही कळलं नाही. "हात," ती पुटपुटली. मग मी बघितलं. मास्तरांचा उजवा हात पेटीवर होता, म्हणून कप डावीकडं. आणि मघाशी त्यांच्या डोळ्यांवर येणारं ऊन फळी लोटल्यामुळं बाजूला सरकलं होतं.

"ही बाय कोन तुमची?" जोमीबायनं विचारलं.

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. "म्हणजे, शिकायला येतात."

"कदीपासनं?"

"नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षांत गानं आलं नाय?"

कुमुदताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "येतं की," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन वर्षांतच आलं."

खाली रस्त्यावरून एक टांगा गेला, तो बराच वेळ ऐकू येत राहिला. मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला. म्हातारी उठली, म्हणाली, "चल गो बामे, बाजार करायचाय," आणि जिन्याशी थांबून मागं वळली. "मास्तर, हळदीला बोलवा. जेवायला नाय बोलावलं तरी चालंल. आन् तो दम कसा धरायचा ते मनापन सांगा कदीतरी, खोकल्यानं जीव जातो."

वैशाखात मास्तरांचं लग्न झालं. सगळ्या पेणला आश्चर्य वाटलं, जोमीबायला वाटलं नाही. तोवरची चार लग्नं सोनीनं म्हटली होती आणि मी भर उन्हाच्या हंगामात मिठागरावर पायाला फडकी बांधून उभी होते.

हळद मास्तरांच्या चुलतभावाच्या अंगणात होती. आमच्यासारखी धवलारीण त्यांच्यात नसते. बायका आपापसात बोलत, हसत, एकमेकींना विचारत सगळं उरकत होत्या. आम्ही दोघी मागं तुळशीपाशी बसलो. मास्तर पाटावर बसले होते, पिवळे, अंग चोरून, शाळेतल्या पोरासारखे. कडेला लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या फडक्यानं तोंड बांधून ठेवल्या होत्या. माझं मीठ कुठं गेलं ते कळलं.

"म्हण," जोमीबाय म्हणाली.

"इथं?"

"लगीन हाय ना? मग म्हण. त्यांना ऐकू जायला नको."

मी अगदी हळू सुरू केलं. आवाज बेंबीपासूनच काढला, ते आता सुटणार नव्हतं. पण नजर हातांवर ठेवली. मास्तरांच्या चुलतीचा हात थरथरत होता, तिच्यासाठी मी शब्द धरून ठेवला. एक पोर वाटी घेऊन भलतीकडंच निघाली, ती परत वळेपर्यंत थांबले. त्यांच्यातलं कुणीही माझं ऐकत नव्हतं. मीच त्यांचं ऐकत होते. कलश घेतलेली बाई पुढं आली. पदर खोचला, कलश उचलला, तो तिरपा झाला, आणि मी म्हटलं, 'घाला गो बायांनो पाणी, नवरा न्हातो अंगणी.'

पाणी पडलं. मी पुढच्या ओळीवर गेले.

"एकदाच," जोमीबाय म्हणाली.

शेवटी हळद उतरवायची ओळ आली, ती सपाट, मास्तरांनी गाळलेली. ती मी थोडी मोठ्यानं म्हटली असेन, कारण मास्तरांनी डोक्यावरचा टॉवेल बाजूला करून तुळशीकडं बघितलं. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत ऐकली आणि सम आल्यावर मान हलवतात तशी मान हलवली.

परतताना होडीत जोमीबाय पोटावर हात ठेवून मास्तरांनी सांगितलेला श्वास घेऊन बघत होती. काठ जवळ आला, मी पाय पाण्यात टाकायला निघाले तेव्हा तिनं माझं मनगट धरून मला बसवलं आणि नावाड्याला होडी पार कोरड्यात न्यायला सांगितली.

"पाट उद्या घेऊन जा," ती म्हणाली. "जड हाय. मना आता उचलत नाय."